दोष टाकीत, बिल नोझलचं आणि ठपका आमच्या डिझेलवर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
ट्रॅक्टर कंपनी, मुख्य कार्यालय

विषय : वॉरंटीतील ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीतील दोष, चुकीची दुरुस्ती आणि नाकारलेली वॉरंटी याबाबत तक्रार

महोदय,

मी करवीर तालुक्यात भोगावतीकाठी ऊस करतो. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला तुमचा २४ एचपीचा तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर घेतला. साडेचार फुटी सरीत तो मावतो आणि बांधणीला दुसऱ्याच्या दारात जावं लागत नाही, म्हणून घेतला (बांधणी म्हणजे उसाच्या बुडाला माती लावणं). मीटरवर आज २१८ तास आहेत आणि वॉरंटी चालू आहे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिघाड सुरू झाला. सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन चालू व्हायचं. सरीत घातला की वीस-पंचवीस मिनिटं नीट ओढायचा, मग हळूहळू दम सोडायचा. ॲक्सिलेटर वाढवला तरी आरपीएम चढत नव्हता आणि शेवटी बंद पडायचा. धूर नाही, ठोका नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबून सेल्फ मारला की डिझेलच्या नळीतली एअर न काढता पुन्हा चालू. हे सगळं मी तुमच्या सर्व्हिस सेंटरला फोनवर सांगितलं आणि ट्रॅक्टर नेला तेव्हा पुन्हा समोर उभं राहून सांगितलं. जॉब कार्डवर मात्र एवढंच लिहिलं गेलं : 'इंजिन बंद पडते.'

पहिल्या खेपेला फिल्टर बदलला, हातपंप मारून एअर काढली आणि सेंटरच्या आवारात अर्धा तास नुसता उभा चालवून दाखवला. बिनलोडचं इंजिन डिझेल किती ओढणार? घरी आणून सरीत घातला आणि तिसऱ्या फेरीला उभा राहिला. दुसऱ्या खेपेला सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तिन्ही नोझल बदलले. तिसऱ्या खेपेला डिझेल पंपच उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तो प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल देतो ते मोजायला, पाठवला आणि ट्रॅक्टर नऊ दिवस तिथं पडून राहिला. एकूण ११,४६० रुपये माझ्याकडून घेतले. कारण जॉब कार्डवर शेरा मारला होता, 'इंधनात पाणी व भेसळ, वॉरंटी लागू नाही.'

हा शेरा मला सर्वांत जास्त लागला. डिझेल मी कॅनमधून आणतो, जाळीच्या नरसाळ्यातून गाळून ओततो आणि रात्री टाकीत वाफ धरून पाणी होऊ नये म्हणून संध्याकाळीच टाकी भरून ठेवतो. त्याच कॅनमधलं डिझेल माझ्या भावाच्या पॉवर टिलरलाही जातं, त्याला काही झालेलं नाही. तरीही मनात शंका नको म्हणून टाकीतलं डिझेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढून दिवसभर स्थिर ठेवलं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं. पाणी असतं तर खाली वेगळा थर दिसला असता. एक थेंब नव्हता. फिल्टरखालच्या बाउलमध्येही पाणी नव्हतं. तुमच्या माणसांनी ही साधी परीक्षासुद्धा न करता मला भेसळीचं डिझेल वापरणारा ठरवलं.

शेवटी आमच्या गावच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी उद्यमनगरात ऑइल इंजिनांवर पंचवीस वर्षं हात काळे केलेत. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, "दादा, नोझल बिघडला तर सकाळपासनं मिसिंग करंल, धूर टाकंल. हवा धरली तर एअर काढल्याबिगर परत चालू व्हायचा न्हाई. ह्यो उपाशी पडतोय. आधी टाकीतनं डिझेल येतंय का बगूया, पंप मागनं."

ट्रॅक्टर सरीत चालवून दम सोडायला लागला तेव्हा त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. झाकणाचं हवेचं भोक बुजलं असतं तर टाकीत आत हवा ओढल्याचा आवाज आला असता आणि इंजिन सावरलं असतं. तसं झालं नाही. मग टाकीखालची नळी काढून बादलीत सोडली. सुरुवातीला बोटाएवढी धार पडली, काही मिनिटांत ती सुतासारखी झाली आणि मग टिपटिप. नळीतून उलटी फुंकर मारली, टाकीत बुडबुडे आले आणि धार पुन्हा जाड झाली. त्यानंतर पाच लिटरचा कॅन बॉनेटपेक्षा उंच बांधून त्याची नळी थेट टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला जोडली. ट्रॅक्टर दीड तास बांधणीच्या लोडवर एकदाही न थांबता चालला. फिल्टर तोच, नोझल तेच, पंपही तोच. फक्त टाकी वगळली होती.

टाकी उतरवून उपडी केली तेव्हा आतल्या रंगाचे नखाएवढे पापुद्रे पडले. काही अजून पत्र्याला अर्धवट चिकटून होते, बोट लावलं की सुटत होते. इंजिन चालू असताना ते डिझेलच्या ओढीनं आउटलेटच्या जाळीवर जाऊन बसायचे. इंजिन थांबलं की ओढ संपायची, पापुद्रे सुटायचे आणि ट्रॅक्टर पुन्हा चालू व्हायचा. दहा-पंधरा मिनिटांचा सगळा उलगडा तिथं झाला. टाकीच्या आतला रंग मी दिलेला नाही, तो तुमच्या कारखान्यात दिलेला आहे.

तुमच्याच सेंटरनं दिलेल्या कॅलिब्रेशनच्या चिठ्ठीवर तिन्ही सिलिंडरची डिलिव्हरी सारखी असल्याचं लिहिलं आहे. म्हणजे पंप चांगला होता, तरी उतरवला. काढलेले जुने नोझल मागितले तर मिळाले नाहीत, त्यामुळे ते खरंच खराब होते का हे ते हातात आल्याशिवाय कुणालाच तपासता येणार नाही.

या तीन आठवड्यांत माझं जे गेलं ते बिलात नाही. जानेवारीत लावलेल्या सुरू उसाची मोठी बांधणी मेअखेर व्हायलाच हवी. वळीव पडून वाफसा (मशागतीजोगी ओल) आला तेव्हा ट्रॅक्टर तुमच्या शेडमध्ये होता. दोन एकर भाड्याच्या ट्रॅक्टरनं उरकलं. तीस गुंठे राहिले, आता ऊस वाढलाय, आत काही घालता येत नाही. पोटाला माती न लागलेला ऊस वाऱ्यापावसात लोळतो, तो लोळला की वजनही जातं आणि तोडकरीही नाक मुरडतात.

मला टाकी नवीन हवी, धुऊन-रंगवून दिलेली जुनी नको. ११,४६० रुपये परत हवेत, जुने नोझल हवेत आणि माझ्या ट्रॅक्टरच्या नोंदीतून भेसळीचा शेरा काढल्याचं लेखी हवं. तो तसाच राहिला तर पुढे प्रत्येक बिघाडाला तोच दाखवला जाईल. कारखान्यात याच टाकीसोबत बनलेल्या बाकीच्या टाक्याही तपासा. माझ्यासारखे आणखी कुणी डिझेल पंप उतरवून बसले असतील, तर त्यांना निदान आधी बादलीत धार बघायला सांगा.

जॉब कार्ड, बिलं, कॅलिब्रेशनची चिठ्ठी आणि टाकीचे फोटो पत्रासोबत जोडले आहेत. पापुद्रे बाटलीत जपून ठेवलेत, तुमचा माणूस येईल तेव्हा दाखवीन. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सध्या टाकी धुऊन बसवली आहे, पण रंग अजून सुटतोय. दर तीन दिवसांनी जाळी काढून साफ करावी लागते. पुढच्या महिन्यात भाताची चिखलणी आहे, त्याआधी टाकी पोचवा.

आपला ग्राहक
(सही)
नाव, पत्ता व चेसिस क्रमांक जोडलेल्या खरेदी पावतीप्रमाणे