गाईचा भाव दुपट्ट्याखाली कशाला?

मा. पणन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी लागली की व्यापारी सगळ्यांसमोर बोली लावतात. शेतकरी बाजूला उभा राहून ऐकतो, नाही पटलं तर गाडी वळवतो. तोच शेतकरी म्हैस घेऊन गुरांच्या बाजारात गेला की दलाल खांद्यावरचा दुपट्टा काढतो, हेड्याचा, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याचा, हात त्याखाली घेतो आणि बोटं दाबून भाव ठरतो. म्हशीचा मालक दावं धरून तिथंच उभा असतो. त्याला आकडा शेवटी कळतो, तोही सांगतील तेवढाच.

मी वर्धा जिल्ह्यातला दूध उत्पादक. माझं मागणं एवढंच, की दुधाळ जनावर उघड बोलीनं विकलं जावं आणि बोलीआधी सगळ्यांदेखत धार काढून दूध मोजलं जावं.

यात जगावेगळं काही नाही. देशातला पहिला नियंत्रित बाजार 1886 मध्ये आपल्याच वऱ्हाडात, कारंजा लाडला, कापसासाठी सुरू झाला. 1897 मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाही आला. बाजार समित्यांच्या 1963 च्या कायद्याच्या अनुसूचीत गुरंढोरंही आहेत. म्हणून तर समिती जनावरामागे फी घेते, पावती फाडते. त्या पावतीवर फी वाचवायला कितीतरी वेळा निम्मीच किंमत लिहिलेली असते. कापसाचा भाव रोज पेपरात वाचायला मिळतो. दुसऱ्या वेताची दहा लिटरची गाय मागच्या आठवड्यात कितीला गेली, हे तालुक्यात कुणाला छातीठोक सांगता येणार नाही.

दूध मोजायचा आग्रह का धरतो, तेही सांगतो. डेअरीत गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागते, पॉइंट घसरला की दर कापतात. ते दूध देणारी गाय मात्र आम्ही कास आणि दात पाहून घ्यायची. बाजारात आणायच्या आदल्या संध्याकाळी धारच काढत नाहीत. सकाळी कास तट्ट फुगलेली, सडांतून दूध ठिबकतंय, गाय पाय फाकवून उभी, वासराला जवळ येऊ देत नाही. बघणारा म्हणतो, बारा लिटर कुठं गेलं नाही. घरी आणल्यावर सात निघतं, एक सड बंद निघतो आणि दलाल म्हणतो, पाणी बदललं ना भाऊ, होईल ठीक. हे तुंबवणं एकटे हेडी करत नाहीत, विकणारे शेतकरीही करतात. हेड्याला उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही. उधारीवर जनावर देणारा गावात तोच असतो.

या बाजारात सरकारचाही पैसा फिरतो. अनुदानावर दुधाळ जनावरं देणाऱ्या नाविन्यपूर्ण योजनेत संकरित गाईची किंमत 70 हजार आणि म्हशीची 80 हजार धरतात. इथल्या जनावराचा भरवसा नाही म्हणून आमची माणसं गाडीभाडं भरून नगर जिल्ह्यातले घोडेगाव, लोणीचे बाजार गाठतात. तिकडची गाय आमच्या मे महिन्यात कशी टिकते, तो वेगळाच विषय.

सगळ्यात वाईट अवस्था गोठा मोडणाऱ्याची. आमच्या शेजाऱ्याच्या घरी दुखणं आलं आणि सगळी जनावरं एकदम काढायची वेळ आली. पहिल्या दिवशी एक हेडी आला, भाव सांगून गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा आला, त्यानं पहिल्यापेक्षा कमी सांगितलं. तिसरा त्याहूनही कमी. चौथ्या दिवशी शेजाऱ्यानंच पहिल्याला फोन केला, तर आता तोही उतरला होता. अशा वेळी समितीनं तारीख जाहीर करून गोठ्यावरच लिलाव घेतला, तर निदान आजूबाजूच्या गावचे दूधवाले तरी येतील.

1 जून 2024 पासून कानात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद आहे. म्हणजे बारा आकडी नंबर प्रत्येकाच्या कानात आहेच. त्या नंबरासमोर मोजलेलं दूध, वेत, गाभण तपासणी आणि खरी किंमत लिहायला काय हरकत आहे?

बैलजोडीचं राहू द्या. बैल जुंपून पाहतात, गवळाऊ जातीच्या खोंडाची पारख डोळ्यांनीच होते. भाकड जनावरांचा 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतरचा गुंता तर स्वतंत्र पत्राचा विषय आहे. हे फक्त दुधाळ जनावरांपुरतं लिहितो आहे.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात असताच. तेव्हा विदर्भातल्या एका तरी समितीला आदेश द्यावा. जनावरं आदल्या दुपारी आवारात घ्यायची, संध्याकाळ-सकाळ दोन्ही धारा मोजायच्या, मग बोली, आणि पैसे त्याच दिवशी. त्यासाठी शेड, पाणी, लाइट, रात्रीचा एक चौकीदार आणि दूध संकलन केंद्रावर असतं तसलं फॅटचं मशीन लागेल. जमा होणाऱ्या फीमधून एवढं नक्की भागतं. भागत नसेल, तर फी कुठं जाते त्याचा हिशेब समितीच्या फलकावर लावायला सांगावं.

आपला,
एक दूध उत्पादक, जि. वर्धा