‘पाहिजेत’ लिहायला लाज कसली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकात तुमच्याकडे नोकरीच्या छोट्या जाहिराती येतात त्या मी अजूनही पहिल्या पानाच्या आधी वाचतो, ३० वर्षं तेच काम केलं त्यामुळे सवय सुटत नाही. परवा त्यात एक चौकट होती, ‘फ्रंट डेस्क ॲम्बॅसेडर, त्वरित जॉइनिंग, आकर्षक पॅकेज’. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, कुठल्या देशाचा हो? मला राहवेना म्हणून फोन लावला. दातांचा दवाखाना निघाला. फोन घ्यायला, नंबर लावायला आणि डॉक्टर उशिरा आले की पेशंटची बोलणी खायला मुलगी पाहिजे होती, बारा हजार पगार. आता हे काम वाईट आहे असं कोण म्हणतंय, पण मग तसं लिहा ना राव.

मी १९९१ ला भोसरीच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला क्लार्क म्हणून लागलो. पंचिंग कार्डं, गेटपास, रजा आणि भरती सगळं आमच्याच खोलीत. भरतीची जाहिरात मीच लिहायचो. पेपरवाले शब्दांवर पैसे लावायचे त्यामुळे फालतू शब्द घालायची सोयच नव्हती. ‘पाहिजेत: टर्नर, फिटर, मिलर. आयटीआय पास. सोमवारी सकाळी १० वा. मूळ कागदपत्रांसह समक्ष भेटा.’ झालं. सोमवारी गेटवर पन्नास पोरं उभी असायची आणि पन्नासच्या पन्नास जणांना माहीत असायचं आपण कशाला आलोय ते. टर्नरला लेथवर उभा केला की दहा मिनिटांत कळायचं हात कसा आहे. त्याला ‘मेटल शेपिंग स्पेशालिस्ट’ म्हणावं असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि म्हटलं असतं तर तोच हसला असता.

मग माझंच नाव बदलत गेलं. आधी क्लार्कचा पर्सोनेल असिस्टंट झालो, पुढे एक दिवस दारावरची पाटी बदलली आणि आम्ही सगळे एचआर, म्हणजे ह्यूमन रिसोर्स. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली असताना मॅनेजमेंटने बाहेरून कन्सल्टंट आणला, त्याने तीन महिने पीपीटी दाखवल्या, शेवटी माझ्या हातात कार्डांचा गठ्ठा आला, ‘सिनियर टॅलेंट ॲक्विझिशन पार्टनर’. टेबल तेच, ड्रॉवर तोच, पावसाळ्यात फुगून अडकायचा तसाच अडकायचा. त्या वर्षी इन्क्रिमेंट मात्र नव्हतं, मार्केट डाऊन आहे म्हणाले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हुद्दा वाढवायला कंपनीला फक्त व्हिजिटिंग कार्डाचा छपाई खर्च येतो.

हा ‘पार्टनर’ शब्द अमेरिकेतून आला. डेव्ह उलरिच नावाचे तिकडचे एक प्राध्यापक आहेत, त्यांनी ९० च्या दशकात मांडणी केली की एचआरने नुसती हजेरी-पगार सांभाळत बसू नये, धंद्याचे निर्णय होतात तिथे बरोबरीने बसावं. विचार चांगलाच होता. पण आपल्याकडे बरोबरीने बसवणं राहिलं बाजूला, फक्त शब्द उचलला. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्यात भागीदार म्हणजे धंद्याच्या नफ्यात वाटा घ्यायचं ठरवून एकत्र आलेली माणसं. माझा नफ्यातला वाटा म्हणजे दिवाळीचा मिठाईचा बॉक्स. आणि आता तर पावसात पिशवी पाठीला लावून तिसऱ्या मजल्यावर पिझ्झा आणून देणारा पोरगाही ‘डिलिव्हरी पार्टनर’. पार्टनर म्हटलं की पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी सुट्टी नाही, गाडी पण त्याची आणि पेट्रोल पण त्याचंच. एका शब्दात केवढी बचत झाली बघा. ह्या पोरांना कायद्यात निदान ‘गिग वर्कर’ म्हणून नाव मिळायलाच २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता यावी लागली.

‘ऑफिसर’, ‘मॅनेजर’ वाटण्यामागेही असाच हिशोब असतो, हे आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत आहे पण बोलत कोणी नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कोणाला म्हणायचं ह्याची व्याख्या होती. मॅनेजरचं काम करणारा त्यात बसत नाही, म्हणजे त्या कायद्याचं संरक्षण त्याला नाही, सुपरव्हायझर असेल तर ठराविक पगाराच्या वर बसत नाही, ती मर्यादा २०१० ला दहा हजार केली, त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत अठरा हजार आहे. कोर्ट कार्डावरचा हुद्दा बघत नाही, माणूस प्रत्यक्ष काम काय करतो ते बघतं. पण कोर्टापर्यंत जातंय कोण? पोराच्या कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ आलं की त्याचं तोच ठरवतो की मी आता साहेब, मी कसला ओव्हरटाइम मागतोय आणि युनियनच्या मीटिंगला कसा जाऊ. हाताखाली एक माणूस नसतो.

अर्थात सगळं पाप कंपन्यांचं नाही, आपल्यालाही ते हवंच असतं. माझ्या भाचीसाठी स्थळं बघत होतो तेव्हा एका बायोडाटात मुलगा बँकेत ‘असोसिएट व्हाइस प्रेसिडेंट’, वय २९. आमचे दाजी हरखले, म्हणाले म्हणजे प्रेसिडेंटच्या खालोखाल की! त्यांना समजावून सांगावं लागलं की असल्या बँकांत एकेका मजल्यावर असे पन्नास व्हाइस प्रेसिडेंट बसतात, चहाच्या मशीनपाशी रांग लागते त्यांची. तरी पत्रिका जुळल्यावर दाजींनी गावाकडे फोन करून ‘व्हाइस प्रेसिडेंट’ एवढंच सांगितलं, असोसिएट गाळून.

माणसं गोळा करायचा धंदा काही आजचा नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर असायचा. कोकणातून, साताऱ्याकडून माणसं तोच भरायचा, कामावर ठेवायचं का काढायचं तोच ठरवायचा आणि हात ओले केल्याशिवाय खात्यात घ्यायचा नाही. १९३१ ला कामगारांच्या प्रश्नांवरच्या रॉयल कमिशनने अहवाल दिला त्यात ह्या जॉबरच्या हातातून भरती काढून घ्या, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा असं सांगितलं, आमच्या धंद्याचा आजा हा लेबर ऑफिसर. नावातच काम होतं त्याच्या. आणि बीडकडे ऊसतोडीची माणसं आजही मुकादमच भरतो, त्याची उचल, त्याची दादागिरी, त्या धंद्यातले सगळे हाल खरेच आहेत, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण तो दारात आला की घरातल्या लहान पोराला पण कळतं हा कोण आणि कशाला आलाय. मुकादम स्वतःला ‘हार्वेस्ट टॅलेंट पार्टनर’ म्हणवून घेत नाही.

आता माझा स्वतःचा गुन्हा सांगतो, कारण हे पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे. साधारण २०१६-१७ ची गोष्ट. डीलरकडे फिरून ऑर्डरी घ्यायला पोरं पाहिजे होती. नवीन आलेल्या साहेबांनी सांगितलं ‘सेल्समन’ डाऊनमार्केट वाटतं, ‘सेल्स चॅम्पियन’ टाका. मी टाकलं. इंटरव्ह्यूच्या दिवशी मंचरकडचा एक पोरगा आला, उंचापुरा, पांढरा शर्ट इस्त्री करून. फाइल उघडली तर वरतीच लॅमिनेशन केलेली कबड्डीची सर्टिफिकेटं. मी म्हटलं हे काय रे? तर म्हणतो, “सर, चॅम्पियन पाहिजेत लिहिलं होतं ना, मी जिल्ह्याला खेळलोय दोन वर्षं. मला वाटलं कंपनीची टीम असेल.” पॅनलवरचे दोघं फुटले हसून. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पूर्वी कंपन्या खेळाडू घ्यायच्याच की, त्याचं चुकलं काय होतं? त्याने मराठी वाचलं आणि जे लिहिलं होतं तेच समजला. एसटीचं तिकीट काढून, कामावर खाडा करून आला होता तो. जाताना एकेक सर्टिफिकेट पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत सरळ करून ठेवत होता ते मला अजून दिसतं.

शहरातल्या पोरांना हे कोडं सोडवता येतं. ‘कस्टमर डिलाइट एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे फोनवर शिव्या खायच्या, ‘बिझनेस डेव्हलपमेंट इंटर्न’ म्हणजे फुकट सोसायट्यांमध्ये फिरायचं, हे त्यांना मित्र सांगतात. जुन्नर, मावळातल्या पोराला कोण सांगणार? तो एकतर घाबरून अर्जच करत नाही की हे आपल्यासाठी नाही, नाहीतर भाडं खर्च करून येतो आणि फसतो.

आणि पॅकेज! सीटीसी, म्हणजे माणसामागे कंपनीला वर्षाला येणारा एकूण खर्च, ह्या तीन अक्षरांनी जेवढी घरं गंडवली तेवढी भिशीवाल्यांनी पण नसतील. सहा लाखाचं पॅकेज म्हटलं की आई लगेच बारांनी भागते, महिना पन्नास हजार. आता मी भागून दाखवतो, आयुष्यभर तेच केलंय. समजा बेसिक निम्मं, म्हणजे वर्षाला तीन लाख. त्यावर १२ टक्के कंपनीचा पीएफ, ३६ हजार, तो सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, १४,४३०, ही साधारणपणे पाच वर्षं टिकलात तर मिळणार पण पॅकेजमध्ये पहिल्या दिवसापासून. व्हेरिएबल म्हणून ६० हजार, मिळाले तर मिळाले. मेडिक्लेमचा हप्ता धरा १२ हजार. राहिले ४ लाख ७७ हजार ५७०, म्हणजे महिन्याला ३९,८०० च्या आसपास, त्यातून आपला पीएफ तीन हजार आणि प्रोफेशन टॅक्स दोनशे गेला की हातात साडेछत्तीस हजार. पन्नास समजून पोराने चिंचवडला फ्लॅट भाड्याने घेतलेला असतो. पूर्वी आम्ही विचारायचो ‘हातात किती येतात?’ आणि उत्तर एकच आकडा असायचं.

माझी मुलगी सध्या ह्याच लाइनीत आहे. दोन दिवस घरून काम. आतल्या खोलीतून दिवसभर आवाज येत असतो, नोटीस पिरियड किती, बायआउट होईल का, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, इमिजिएट जॉइनर आहात का, मी तुमची प्रोफाइल लाइन अप करते. दिवसाला साठ कॉलचं टार्गेट आहे तिला. एकदा मी ऐकलं, “दोन रिसोर्सेस ड्रॉप झाले, पाइपलाइनमध्ये अजून चार आहेत.” दोन पोरांनी ऑफर नाकारली असं म्हणायचं होतं तिला. जेवताना विचारलं, “अगं, माणसाला माणूस म्हटलं तर पगार कापतात का तुमच्यात?” तर म्हणाली, “बाबा, एकसष्टाव्या कॉलला समोरचा माणूस आहे असं धरलं तर मला रडू येईल.” मी गप्प भात कालवला. तिच्या कार्डावर पण पार्टनरच आहे.

‘रिसोर्स’वरून आठवलं, आपल्या सरकारने १९८५ ला शिक्षण मंत्रालयाचं नाव मनुष्यबळ विकास केलं होतं, २०२० ला परत शिक्षण केलं. ३५ वर्षं लागली पण परत आले. उलट राज्यात आमच्या वेळचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, जिथे बारावी झाली की कार्ड काढायला पाठवायचे, ते आता ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ झालंय, रिक्षावाल्याला सांगेपर्यंत सिग्नल सुटतो. आणि गंमत म्हणजे ह्या सगळ्यात देशातली नोकरीची सगळ्यात नावाजलेली वेबसाइट १९९७ ला सुरू झाली तिचं नाव काय, तर नोकरी. तिचं काही अडलं नाही.

तर संपादक साहेब, कंपन्यांना मी सांगून काही होणार नाही, पण जाहिरातीचं पान तुमचं आहे. तुमचा जाहिरात विभाग मजकूर घेतानाच चार गोष्टी विचारू शकतो. काम नक्की काय, कुठे, किती वाजेपर्यंत, आणि हातात किती. एजन्सीची जाहिरात असेल तर उमेदवाराकडून पैसे घेणार का ते पण. हे नसेल तर घेऊ नका ती जाहिरात. वर हुद्दा काय वाटेल तो टाकू दे, ॲम्बॅसेडर टाका नाहीतर राष्ट्रपती टाका, पण खाली एक ओळ मराठीत पाहिजे, फोन घ्यायला आणि नंबर लावायला. शब्दांचे पैसे वाढतात म्हणून कोणी कुरकुर केली तर ‘आकर्षक’, ‘डायनॅमिक’ आणि ‘त्वरित’ काढा, तेवढ्यात बसतं. मी बसवून बघितलंय, गेल्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला ‘स्टोअर एक्झिक्युटिव्ह’ पाहिजे होता, त्याला मी लिहून दिलं, ‘दुकानात माल काढून द्यायला माणूस पाहिजे, स. १० ते रा. ८, सोमवारी सुट्टी, हातात १४,०००.’ त्याला ते जरा गावठी वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणूस लागला कामाला.

आपला,
एक निवृत्त टाइम ऑफिस क्लार्क, चिंचवड
(नाव छापू नये ही विनंती, मुलगी अजून नोकरीत आहे.)