फॉर्मवर लिहिलेले माप दुकानापर्यंत पोचलेच नाही: गुलमर्ग स्की सहलीबाबत तक्रार

डिचोली, गोवा
दि. १३ फेब्रुवारी २०२३

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: स्की प्रशिक्षणातील निष्काळजीपणामुळे झालेली दुखापत व रकमेचा परतावा

महोदय,

माझे यजमान आणि मी १७ ते २२ जानेवारी या काळात तुमच्या कंपनीतर्फे गुलमर्गला जाऊन आलो. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, म्हणून वर्षभर पैसे बाजूला टाकून ही सहल ठरवली होती. मोपाचा विमानतळ सुरू होऊन दोनच आठवडे झाले होते. तिथूनच दिल्लीमार्गे श्रीनगर गाठले. आम्ही दोघांनीही त्याआधी कधी बर्फ पाहिला नव्हता. तुमच्या फॉर्मवर मी तसे स्पष्ट लिहिले होते.

तो फॉर्म तुम्ही डिसेंबरात पाठवला. वजन, उंची, वय, पूर्वीचा अनुभव आणि पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये मागितली होती. मी यजमानांना भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे केले, अंगठ्याच्या टोकाशी पेन्सिलीने खूण केली आणि मुलीच्या पट्टीने मोजले: २६ सेंटीमीटर. वय ५४, वजन ६२ किलो, स्कीचा अनुभव शून्य. एवढे बारकाईने विचारतात म्हणजे माणसे जबाबदार असणार, असे मी तेव्हा घरात बोललेसुद्धा.

गुलमर्गच्या भाड्याच्या दुकानात तुमच्या प्रतिनिधीकडे तो फॉर्म नव्हता. आमची नावे असलेली एक यादी होती, बस. यजमानांना साडेअठ्ठावीस सेंटीमीटरचा बूट दिला. टाच आत वर-खाली होते असे ते म्हणाले, तर उत्तर मिळाले, "दोन मोजे घाला, बसेल." स्कीच्या बुटात एकच पातळ मोजा घालायचा असतो; जाड मोज्यांवर मोजे चढवले की पाय आत सरकतो आणि ताबा सुटतो, हे मला नंतर समजले. त्या दुकानात कोणी वजन विचारले नाही, की बाइंडिंगकडे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीकडे, पाहिले नाही. स्क्रूड्रायव्हर काउंटरवरच पडलेला होता, तो शेवटपर्यंत कोणी उचलला नाही.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, नवशिक्यांच्या उतारावर यजमान पडले. वेग काहीच नव्हता. डावी स्की बर्फात रुतून बाहेरच्या बाजूला वळली, शरीर पुढे गेले आणि स्की पायापासून सुटलीच नाही. अशा वेळी बूट मोकळा करणे हेच बाइंडिंगचे काम असते. त्यांची हाक मला वीस पावलांवरून ऐकू आली. शेजारच्या गटाचे एक वयस्क प्रशिक्षक धावत आले. बाइंडिंगच्या पुढच्या आणि मागच्या भागावर छोट्या खिडकीत दिसणारा, पकड किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा त्यांनी बोट ठेवून मला दाखवला: सात. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून तो आकडा ठरतो, आणि यजमानांसारख्या नवशिक्यासाठी तो तीन-साडेतीनच्या आसपास हवा होता, असे त्यांनी सांगितले. त्यांनीच गुडघा बांधून दिला, स्लेज मागवली. तुमचा प्रतिनिधी चाळीस मिनिटांनी आला.

घरी परतल्यावर एमआरआय केला. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध अर्धवट फाटला आहे. सहा आठवडे पट्टा लावायचा आहे. गावच्या जत्रेच्या नाटकात यजमानांचे काम ठरले होते. बावीस वर्षांत त्यांनी एकदाही जत्रेचे नाटक चुकवलेले नाही. यंदा तालमीला ते खुर्चीवर बसून दुसऱ्याला आपले संवाद सांगतात. याची भरपाई तुमच्याकडून होणार नाही आणि मी ती मागतही नाही, पण तुमच्या एका न वाचलेल्या कागदामुळे आमच्या घरात काय झाले ते तुम्हाला कळावे असे मला वाटते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात लिहिते. हॉटेल गुलमर्गमध्ये, स्लोपपर्यंत चालत जाता येईल असे, हे पत्रकात छापलेले होते. प्रत्यक्षात तेरा किलोमीटर खालच्या तंगमर्गमध्ये खोली दिली. बर्फामुळे वर फक्त चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या जात होत्या, आणि चार दिवसांचे रोजचे २,४०० रुपये आम्हीच भरले. गोंडोलाचे (तिथल्या रोपवेचे) दोन्ही टप्पे कबूल केले होते, तिकिटे मात्र पहिल्या टप्प्याची, कोंगदूरीपर्यंतचीच काढली होती. गुलमर्गच्या माणसांविषयी माझी काही तक्रार नाही. तंगमर्गच्या हॉटेलमधल्या मुलाने सांगण्याआधी कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) आणून दिली, आणि स्लेजवाल्याने पैसे घ्यायलाही नकार दिला.

१ फेब्रुवारीला गुलमर्गच्याच अफरवट डोंगरावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेल्याची बातमी वाचली, तेव्हा माझा हात थरथरला. आमचा अपघात त्या मानाने लहान, आणि डोंगर कोणाच्या हातात नसतो, हेही मला समजते. बाइंडिंगचा आकडा मात्र एका स्क्रूड्रायव्हरने बदलता येतो.

२४ जानेवारीला आणि ३ फेब्रुवारीला मी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. दोन्ही वेळा "साहसी खेळात जोखीम ग्राहकाची असते" एवढेच ऐकवले गेले. उतारावरून पडण्याची जोखीम आम्ही पत्करली होती. चुकीच्या मापाचा बूट आणि दुप्पट घट्ट बाइंडिंग यांची जोखीम आम्ही पत्करलेली नाही.

माझी मागणी अशी: दोघांच्या स्की प्रशिक्षणाचे ३०,००० रुपये (यजमान पडल्यावर माझेही प्रशिक्षण तिथेच थांबले), गाडीचे ९,६०० आणि एमआरआय व फिजिओथेरपीचे १३,४००, असे एकूण ५३,००० रुपये परत करावेत. आमचा फॉर्म डिसेंबरपासून कोणाकडे होता आणि दुकानापर्यंत का गेला नाही, याचे लेखी उत्तरही मला हवे आहे. पुढच्या गटाला बूट देताना तो कागद काउंटरवर असेल, याची लेखी हमी द्यावी.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर मी उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे मला तुमच्या शहरात यावे लागणार नाही. सोबत फॉर्मची प्रत, पत्रक, गाडीच्या पावत्या, डॉक्टरांचा अहवाल आणि बाइंडिंगवरच्या आकड्याचा मी मोबाइलवर काढलेला फोटो जोडला आहे. फोटोत सात स्पष्ट वाचता येतो.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर)