प्रमाणपत्र दिलंत, आता पगाराचं बोला: सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची सेवा करते. ज्या आजींकडे चोवीस तासांच्या ड्यूटीवर होते, त्या गेल्या आठवड्यात पहाटे गेल्या. डॉक्टरांनी दाखला लिहिला, मी नाकातली नळी काढली, अंग पुसलं, लुगडं नेसवलं. तेवढ्यात ब्युरोचा, म्हणजे मला घरोघरी ड्यूटीवर पाठवणाऱ्या एजन्सीचा फोन. ‘पेशंट संपला ना? मग आजपासून ड्यूटी बंद.’ भरलेल्या दिवसांचे पैसे ‘हिशेब करून’ मिळणार आहेत म्हणे. कमिशन मात्र आधीच कापून झालंय. माझ्या धंद्यात माणूस गेला की नोकरी जाते, त्याच दिवशी. नोटीस नाही, भरपाई नाही, आणि रडायला तर वेळच नाही.

आपल्या खात्याच्या अटल वयो अभ्युदय योजनेत वृद्धसेवेचं प्रशिक्षण दिलं जातं, त्याबद्दल आभार. मी सरकारी कौशल्य विकासचा ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’, म्हणजे रुग्णसेविकेचा कोर्स केला. तिथे शिकवलं: दर दोन तासांनी कूस बदला, टाचा गादीला टेकू देऊ नका, नळीतून भरवताना डोकं उंच ठेवा आणि भरवल्यावर लगेच आडवं करू नका. हे चुकलं तर अन्न फुफ्फुसात जातं, आणि पाठीची जखम हाडापर्यंत पोचते. काम कौशल्याचं आहे, हे तुमच्याच सरकारच्या प्रमाणपत्रावर छापलंय. पण ब्युरोच्या यादीत मी, दहा वर्षं मुरलेली बाई आणि काल कामाला लागलेली पोरगी, तिघींचा दर एकच. या कामात सीनिअर होण्याची सोयच नाही. वर्षागणिक वाढते ती कंबरदुखी.

चोवीस तासांची ड्यूटी म्हणजे आठ तासांच्या तीन पाळ्या, हे गणित चौथीच्या पोरालाही येतं. पैसे मात्र बारा तासांच्या ड्यूटीपेक्षा थोडेच जास्त. विचारलं तर म्हणतात, ‘रात्री झोपताच ना तुम्ही?’ दर दोन तासांनी कूस कोण बदलतं मग, कामगार आयुक्त?

21 नोव्हेंबर 2025 ला चार कामगार संहिता लागू झाल्या, केवढा गाजावाजा. त्यातली औद्योगिक संबंध संहिता उघडून बघा साहेब. ‘उद्योगा’च्या व्याख्येतून घरगुती सेवा सरळ वगळली आहे. हॉस्पिटलात मी नर्स नाही आणि कायद्याच्या पुस्तकात मी उद्योगातही नाही. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 189 क्रमांकाचा करार 2011 चा. जिनिव्हात आपण बाजूने मत दिलं, टाळ्या घेतल्या आणि मंजुरी आजवर दिलेली नाही. 2017 मध्ये राष्ट्रीय किमान तळवेतन ठरलं दिवसाला 176 रुपये. ज्याने ठरवलं त्याने तेवढ्यात एक दिवस काढून दाखवावा, मी त्याची कूस फुकट बदलून देईन.

आणि आमच्या हातांची किंमत सरकारला कळत नाही असं थोडंच आहे? 2023 मध्ये इस्रायलशी करार केलात, 42,000 माणसं पाठवायचा, त्यातली 8,000 शुश्रूषेच्या कामाला. तिथे पाठवताना आम्ही ‘कुशल मनुष्यबळ’, इथे ‘बाई’. 2011 च्या जनगणनेत साठीपुढचे 10 कोटी 38 लाख होते, 2050 पर्यंत ते 35 कोटींच्या घरात जातील असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. 2021 ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही. म्हाताऱ्यांनाच नीट मोजलं नाही, तर त्यांना उचलणाऱ्यांना कोण मोजणार? निवडणुकीत घरी येऊन आजोबांचं मत नेता. त्यांना उठवून बसवणारी मी मागे उभी असते, फोटोत येत नाही.

मागणी मोठी नाही. ब्युरोंची नोंदणी करा, कमिशनला मर्यादा घाला. अनुभवानुसार दर ठरवा. पेशंट गेल्यावर निदान महिन्याचा पगार मिळेल असा नियम करा. आणि ‘आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे’ हे उत्तर कृपया पाठवू नका. मागच्या अर्जाचं आलेलं माझ्याकडे आहे.

आपली,
एक प्रमाणपत्रधारक, सध्या बिनड्यूटी