डेन्मार्कच्या जुन्या बाजारात आधी बशी उलटी करा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलगा-सून किंवा मुलगी-जावई नोकरीनिमित्त डेन्मार्कमध्ये आहेत म्हणून महिना-दोन महिने तिकडे राहून येणारे मराठी आईवडील आता कमी नाहीत. प्रवास पुरवण्यांमध्ये त्यांना तिवोली बाग आणि जलपरीचा पुतळा एवढेच वाचायला मिळते. हिवाळ्यात चारच्या आत अंधार पडतो. बाहेर बोचरा वारा असताना जिथे तीन-चार तास सहज निघतात, तो छपराखालचा जुना बाजार, म्हणजे ‘लोपेमार्केड’, बहुतेकांच्या यादीत नसतो. जे जातात तेही पुष्कळदा भलत्या भावाला भलतीच वस्तू घेऊन येतात. हे टाळता यावे म्हणून हे पत्र.

पुण्याच्या जुन्या बाजारात विक्रेता वस्तूंपाशी बसलेला असतो. ती कुठली, किती जुनी, हे तो खरेखोटे का होईना, सांगतो. डेन्मार्कमधल्या कायमस्वरूपी बंदिस्त बाजारात विक्रेता जागेवर नसतोच. एखादे कुटुंब आठवड्याच्या भाड्याने एक फडताळ घेते, घरातल्या नको असलेल्या वस्तूंना किंमत आणि बारकोडच्या चिठ्ठ्या चिकटवून तिथे मांडते आणि निघून जाते. पैसे दाराजवळच्या एकाच काउंटरवर द्यायचे. दुकान भाडे घेते, बहुधा विक्रीतला काही टक्के हिस्साही घेते आणि उरलेली रक्कम त्या कुटुंबाला देते. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाशी घासाघीस करण्यात अर्थ नसतो, त्याला तो अधिकारच नाही. चिठ्ठीवरची किंमत हा मालकाचा अंदाज असतो. म्हणून एकाच प्रकारची बशी एका फडताळावर २० क्रोनरला आणि चार पावलांवर १५० क्रोनरला दिसते. वस्तूची माहिती सांगणारे तिथे कोणी नसते, ती वस्तूच्या पाठीवरूनच वाचावी लागते.

भाड्याचा आठवडा कोणत्या वारी बदलतो, एवढे मात्र काउंटरवर जरूर विचारा. त्या दिवशी सकाळी फडताळे ताजी भरलेली असतात. आठवडा संपत आला की उरलेला माल घरी न्यायला लागू नये म्हणून बरेच जण अर्ध्या किमतीची पाटी लावतात. चांगली वस्तू हवी असेल तर पहिला दिवस, स्वस्त हवी असेल तर शेवटचा.

दुसरा प्रकार शनिवार-रविवारी क्रीडागृहात किंवा शाळेच्या सभागृहात भरणाऱ्या बाजाराचा. तिथे टेबलामागे माणूस असतो आणि भाव करता येतो, पण बेताने. तीन-चार वस्तू एकत्र उचलून ‘सगळे मिळून किती?’ असे विचारले की बहुतेक जण आनंदाने कमी करतात. ‘फास्ट प्रीस’ लिहिलेले असेल तर किंमत ठरलेली आहे, मग विचारू नये. रेड क्रॉस किंवा ‘किर्केन्स कोर्सहेर’ या चर्चच्या संस्थेची जुन्या मालाची दुकाने स्वयंसेवक चालवतात आणि तिथला पैसा संस्थेच्या मदतकार्याला जातो. तिथे भाव करणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

आता बशी उलटी करा. रॉयल कोपनहेगन हा चिनी मातीचा कारखाना १७७५ पासूनचा. त्याची खूण म्हणजे एकाखाली एक तीन निळ्या लाटा. डेन्मार्कच्या ओरेसुंड, मोठा बेल्ट आणि छोटा बेल्ट या तीन सामुद्रधुन्या त्या दाखवतात. त्या लाटांवरून आडवी घासलेली रेघ गेली असेल, आणि ती नखाला लागत असेल, तर तो माल कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला आहे. त्याला पहिल्या प्रतीची किंमत देऊ नये. १९३५ पासूनच्या बऱ्याच मालावर ‘रॉयल कोपनहेगन’ या अक्षरांपैकी एखाद्याच्या वर किंवा खाली बारीक आडवी रेघ असते, तिच्यावरून वर्ष काढता येते. बिंग अँड ग्रोनदाल (स्थापना १८५३) या दुसऱ्या कारखान्याची खूण तीन बुरुजांची. १९८७ मध्ये हे दोन्ही कारखाने एकत्र आले.

निळ्या नाताळ-बश्यांना मात्र भुलू नका. बिंग अँड ग्रोनदालने त्या १८९५ पासून आणि रॉयल कोपनहेगनने १९०८ पासून दरवर्षी काढल्या. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या तर ढिगाने पडलेल्या असतात. आपल्या जन्मवर्षाची बशी आठवण म्हणून अवश्य घ्यावी, पण पुढे भाव येईल या आशेने घेऊ नये. सुरुवातीच्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या तेवढ्या दुर्मीळ.

खूण पाहून झाली की काठावरून बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारा टवका बोटाला लगेच कळतो. मग माठ घेताना मारतो तशी टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर केसाएवढी चीर आहे, आणि गरम चहा ओतताच ती वाढते. चिठ्ठीवर ‘स्कॉर’ (टवका) किंवा ‘डेफेक्ट’ लिहिले असेल तर मालकाने प्रामाणिकपणे सांगितलेले आहे. काच धूसर दिसत असेल तर उजेडात धरा. जड पाण्याचा पांढरा थर असेल तर तो व्हिनेगरने निघतो. डिशवॉशरने खाल्लेली काच मात्र पुन्हा कधीच स्वच्छ होत नाही.

सर्वांत मोठी फसगत होते चांदीत. कोपनहेगनच्या जुन्या चांदीवर तीन बुरुजांचा ठसा आणि त्याखाली वर्षाचे आकडे असतात. ८३० हा आकडा असेल तर हजारात ८३० भाग चांदी. पण बुरूज दोनच असतील तर तो नुसता चांदीचा मुलामा! घाईत तिसरा बुरूज मनानेच धरला जातो, म्हणून खिशात छोटे भिंग ठेवावे. लोहचुंबकावर विसंबू नका. पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चुंबकाला चिकटत नाही.

तांब्याची जुनी पातेली खूप दिसतात आणि आपल्या माणसांना ती मोह घालतात. आतून पाहा. कल्हई उडून तांबडे दिसत असेल तर शोभेला ठेवा, किंवा गावी आणून कल्हई करून घ्या. तोवर त्यात आमटी किंवा आमसुलाचे सार करू नये. ‘मादाम ब्लो’ नावाची निळ्या इनॅमलची कॉफीची किटली हे डॅनिश स्वयंपाकघरातले जुने भांडे. तिला बाहेरून टवके असले तर चालतात. आतून इनॅमल उडून गंज दिसत असेल तर ती फुलदाणी म्हणूनच घ्यावी.

दिव्यांना वीजदाब आपल्यासारखाच, २३० व्होल्टचा लागतो. पण होल्डर पेचाचा असतो, आपला नेहमीचा खटक्याचा बल्ब त्यात बसत नाही. पेचाचे बल्ब भारतातही मिळतात, त्याची अडचण नाही. कापडी वेष्टनाची जुनी वायर मात्र दिवा लावण्याआधी बदलून घ्या. गडद रेषांच्या रोझवूडचे फर्निचर देशाबाहेर न्यायचा विचार असेल तर आधीच सावध व्हा. ब्राझीलचे रोझवूड १९९२ पासून ‘साइटिस’ या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, परवान्याशिवाय ते सीमेवर अडकते. सागवानाचे कपाट बहुधा व्हिनियरचे निघेल. ती फसवणूक नाही, पण वरचा थर पातळ असतो, तो यंत्राने घासू नये.

पैशांचे आधी ठरवून जा. काउंटरवर कार्ड चालते, टेबलांवर मात्र ‘मोबाइलपे’ (फोनवरून पैसे देण्याचे तिथले अ‍ॅप) किंवा रोख. तिथल्या बँकेत खाते नसलेल्या पाहुण्याला रोखीशिवाय गत्यंतर नाही, म्हणून ५० आणि १०० क्रोनरच्या नोटा आणि २० ची नाणी बरोबर असावीत. मागच्या फेरीतून उरलेली हजाराची नोट काढू नका. ती आणि २००९ पूर्वीच्या मालिकांमधल्या सगळ्या नोटा ३१ मे २०२५ नंतर चलनातून गेल्या आहेत.

परतताना बश्या सामानात आडव्या रचू नयेत, वरच्या वजनाने खालची फुटते. प्रत्येक बशी कपड्यात गुंडाळून पुस्तकांसारखी उभी लावावी. कप पायमोज्यांनी भरावेत. काच हातातल्या पिशवीत ठेवावी. सुऱ्या-काटे मात्र मोठ्या बॅगेतच घालावेत, नाहीतर विमानतळावरच्या तपासणीत ते काढून घेतले जातात.

आपला,
एक वाचक, कोपनहेगन