ब्लॅक बेल्टची घाई

आठ वर्षांच्या मुलांना कराटेचा ब्लॅक बेल्ट मिळाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मुलांच्या मेहनतीबद्दल आदर आहेच, पण ही घाई खटकते. कराटेत पट्ट्यांची पद्धत ज्यूदोतून आली. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो. काळ्या पट्ट्यातील पहिला दर्जा ‘शोदान’, म्हणजे आरंभीची पायरी. काळा पट्टा म्हणजे खऱ्या शिक्षणाला सुरुवात. माझ्या नातवाचा पट्टा दर तीन महिन्यांनी बदलतो, प्रत्येक वेळी परीक्षेची फी वेगळी. पवित्रा मात्र अजून डळमळतो आणि पट्ट्याची गाठ मीच बांधून देतो. सोलापुरातील क्लासचालकांनी पट्ट्याची परीक्षा पालकांसमोर घ्यावी आणि नापास मुलाला तसे स्पष्ट सांगावे.

– एक आजोबा, जुळे सोलापूर