आजीला म्हणावं, नावाडी परत गेले

गिम्हे, दक्षिण कोरिया, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

ती. आई, अण्णा यांना सा. न., आजीला दोनदा,

फोनवर आवाज तुटतो आणि आजीला निम्मं ऐकूच येत नाही म्हणून अण्णा म्हणाले लिहून पाठव, बंटी प्रिंट काढून आणेल. तर घ्या, बसले लिहायला. आधी तुमच्या मनातलं उरकते: मी बरी आहे, वेळेवर जेवते, वजन आहे तेवढंच आहे, व्हिडिओत वाळल्यासारखी दिसते ती खिडकीतल्या उजेडामुळे. थंडी अजून पडलेली नाही आणि जाड जॅकेट मागच्या वर्षीचं आहे, परत विचारू नका. आणि आजी, कुत्र्याचं मटण मी खाल्लेलं नाही, मला कुणी वाढलेलंही नाही, २०२४ ला तर त्या धंद्यावर बंदीचा कायदा झालाय, २०२७ पासून लागू होणार. झालं समाधान?

आता आई तुझं. आमचे नवीन साहेब किम आहेत म्हटल्यावर तू जरा वेळ गप्प बसलीस आणि मग हळूच विचारलंस, "त्या उत्तर कोरियाच्या बॉम्बवाल्याचे कोण लागतात गं?" अगं इथे दर पाच माणसांत एक किम असतो. आमच्या मजल्यावर सोळाजण आहोत, त्यात चार किम. त्यामुळे नुसत्या किमवरून काहीच कळत नाही, दोन किम भेटले की पहिला प्रश्न, तुम्ही कुठले किम? म्हणजे राहायला कुठे असं नाही हं, मूळ पुरुष कुठल्या गावचा. बोंगवान म्हणतात त्याला. तो बॉम्बवाला जॉन्जूचा किम, ग्योंगजूचे किम आणखी वेगळे आणि आमचे साहेब इथलेच, गिम्हेचे किम. आपल्याकडे पाटील म्हटल्यावर कुठले पाटील विचारतात तसंच, फरक एवढाच की आपण ओळख काढायला विचारतो, चहा होतो, विषय संपतो. इथे त्याच्या पोथ्या आहेत, पिढ्यान् पिढ्यांची नावं छापलेली जाडजूड वंशावळीची पुस्तकं घराघरात. आपल्या दारात हेळवी येऊन खापरपणज्यापर्यंत वाचून जायचा ना, तसा प्रत्येकाच्या कपाटात हेळवी बसलाय असं समजा. साहेब स्वतः कितव्या पिढीतले तेसुद्धा सांगतात, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मस्करी करतायत, नव्हते करत.

तर हे गिम्हेचे किम आता चाळीस लाखांच्या वर आहेत आणि सगळे म्हणतात आम्ही एकाच राजाची लेकरं. राजाचं नाव सुरो. राज्य गाया (आजी, आपल्या गयेशी काही संबंध नाही). आणि हा राजा अंड्यातून आला.

हसू नका. गोष्ट अशी, की इ. स. ४२ साली इथे राजाच नव्हता, नऊ गावमुखिये मिळून कारभार बघायचे. एक दिवस गुजीबोंग नावाच्या टेकडीवरून आवाज आला, माणूस कोणी नाही नुसताच आवाज, की मला आभाळाने इथे राजा व्हायला पाठवलंय, तुम्ही टेकडीच्या डोक्यावरची माती उकरा आणि गात नाचा. गाणं पण त्यानेच सांगितलं: कासवा कासवा डोकं काढ, नाही काढलंस तर भाजून खाऊ. आपण पावसाला निदान पैसा तरी देतो, हे लोक देवालाच धमकी देतात! पण चाललं ते. आभाळातून जांभळी दोरी खाली आली, दोरीच्या टोकाला लाल कापडात गुंडाळलेली सोन्याची पेटी, पेटीत सूर्यासारखी गोल सहा सोन्याची अंडी. त्यातून सहा पोरं निघाली, जो सगळ्यात आधी निघाला तो सुरो, बाकीचे पाच शेजारच्या पाच गायांचे राजे झाले. किम म्हणजेच सोनं, आणि गिम्हे म्हणजे सोन्याचा समुद्र.

ती टेकडी मी बघून आले. टेकडी म्हणजे आपल्या खंडोबाच्या माळापेक्षा बुटकी, खाली म्युझियम, वर पाईनची झाडं, म्हाताऱ्या बायका सकाळी हात हलवत फिरायला येतात. माथ्यावर एक काळपट चपटा दगड आहे, राजाच्याही आधीच्या काळातलं थडगं म्हणे, त्यावर टेकडीचं नाव कोरलंय. मी तिथे बसून केळं खाल्लं. एवढ्या मोठ्या गोष्टीची जागा एवढी साधी असेल असं वाटलं नव्हतं, पण मला तेच आवडलं.

काल मात्र खरी गंमत होती. इकडच्या तिथीने नवव्या महिन्यातल्या पौर्णिमेला सुरोचं मोठं श्राद्ध असतं, श्राद्ध म्हणजे उत्सवच, आणि यंदा ते बरोब्बर कोजागरीच्या अंगावर आलं. साहेब घराण्यातलेच, म्हणाले चल. शहरातून एक लोकल जाते, पुलावरून, ड्रायव्हरच नसतो तिला (घाबरू नका, रोज हजारो लोक जातात), तिला राजाच्या समाधीचंच स्टेशन आहे. समाधी म्हणजे गवताचा मोठा गोल ढिगारा, दोन पुरुष उंचीपेक्षा थोडा जास्तच, वर काही बांधकाम नाही. आसपासच्या गावांतून बसगाड्या भरून म्हातारे आले होते, लांब झगे, काळ्या टोप्या, तीनदा दारू वाहायची, प्रत्येक वेळी वेगळा माणूस, आणि दर वेळी सगळ्यांनी एकदम कपाळ जमिनीला टेकायचं. माझ्या पुढच्या आजोबांना खाली वाकल्यावर उठता येईना, मी हात दिला. कुठली विचारलं, इंडिया म्हटलं, तर त्यांनी माझा हात सोडलाच नाही, शेजारच्या चारपाचजणांना हाका मारल्या, "आपल्या आजीच्या माहेरची आहे!" मग मला तांदळाचे चिकट केक किती दिले विचारू नका, रुमालात बांधून आणलेत, अजून दोन फ्रिजमध्ये आहेत.

आजीचं माहेर म्हणजे काय, तर तू तो व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ पाठवलास ना आई, अयोध्येची राजकन्या कोरियाची राणी झाली, खरंय का म्हणून, तीच ही, सुरोची राणी. नाव हो ह्वांग-ओक, त्यातलं हो हे आडनाव. इथल्या जुन्या पुस्तकात आहे ती, साम्गुक युसा म्हणून, इर्यॉन नावाच्या भिक्षूने तेराव्या शतकात लिहिलेलं. म्हणजे गोष्ट घडली म्हणतात त्याच्यानंतर बाराशे वर्षांनी, हे आधी लक्षात घे. त्यात देशाचं नाव आयुता आहे. आयुता म्हणजे अयोध्या असं बरेच मानतात, शरयूकाठी तिचं स्मारक २००१ ला झालं, २०१८ च्या दिवाळीत इथल्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या बायको अयोध्येला दिवे लावायला गेल्या होत्या. समाधीच्या दारावर दोन मासे समोरासमोर रंगवलेत, तसे अयोध्येकडेही दिसतात म्हणून काही अभ्यासक पुरावा देतात, दुसरे म्हणतात दार किती नंतरचं ते बघा, आणि त्या काळी अयोध्येला साकेत म्हणायचे. कोणी तिला तमिळ मुलखातली ठरवतं. मला विचारशील तर पुरावा म्हणून मी पैज लावणार नाही. पण काल त्या आजोबांनी हात धरला होता तेव्हा साकेत बिकेत काढायची माझी काही हिंमत झाली नाही.

आणि हे बघ, ती निघाली तेव्हा समुद्र खवळला म्हणून माघारी आली, तर बापाने होडीत दगडाचा मनोरा चढवला आणि मग लाटा शांत झाल्या. ते दगड तिच्या समाधीपाशी आजही एका छपराखाली आहेत, लालसर, ठिपक्याठिपक्यांचे, एकावर एक वेडेवाकडे रचलेले. मला एकदम विमानतळावरची मी आठवले, बॅग चार किलो जास्त भरली आणि उघडली तर आत अण्णांनी न सांगता ठेवलेला दगडी खलबत्ता. तेव्हा मी किती चिडले होते अण्णा तुमच्यावर, सगळ्यांसमोर. रोज वापरते तो. सांगायचं राहिलं होतं.

अण्णांना आवडेल असं: गायाचं राज्य सगळं लोखंडावर उभं. तिकडे जपानपर्यंत लोखंड जायचं. म्युझियमात लोखंडी पट्ट्या ठेवल्यात, हातभर लांब, दोन्ही टोकं पसरट, मध्ये कंबर बारीक, त्याच पट्ट्या बाजारात पैशासारख्या चालायच्या. काचेला नाक लावून बघत होते तर आपल्या वर्कशॉपमधला भंगाराचा कोपरा आठवला. आणि आज गिम्हेत गल्लोगल्ली कारखानेच आहेत, लेथचा आवाज अगदी आपल्यासारखा. राज्य ५३२ ला बुडालं, शेजारच्या सिल्लाने घेतलं, पण लोखंड काही सुटलं नाही.

तर मूळ मुद्दा. आई, तू दर रविवारी विचारतेस तो.

सुरो गादीवर बसल्यावर सहा वर्षं त्याने लग्न केलं नाही. ते नऊ मुखिये रोज मागे, आमच्या पोरी आहेत, चांगल्यातली निवडा, असं किती दिवस. म्हणजे तुम्ही सगळे, माईमावशी, वरच्या आळीतल्या काकू, पोस्टातले ते काका, नऊजण अगदी बरोबर भरतात, मी मोजले. राजा म्हणाला मला आभाळाने पाठवलंय, माझं माणूस पण तेच पाठवेल, तुम्ही काळजी करू नका. आणि मग ४८ साली लाल शिडाची होडी आली. त्याने माणसं पाठवली, चला राजवाड्यात, तर ही सोळा वर्षांची पोरगी म्हणते, ओळख ना पाळख, तुमच्या मागे कशी येऊ? शेवटी राजाला उठून डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकून थांबायला लागलं, मग आली. मला हे फार बरोबर वाटतं. आभाळावर माझा भरवसा नाही, पण ओळख ना पाळख हे खरं आहे.

त्या पलूसच्या मुलाचा बायोडेटा बघितला. चांगला आहे. पण देवक एकच निघालं म्हणून मावशी हळहळतेय म्हणालीस, तर तिला सांग, इथे पण हेच आहे. किम आणि हो, आडनावं वेगळी, तरी त्यांच्यात लग्न लावत नाहीत. कारण राणीने राजाकडे मागून घेतलं की दहातल्या दोन मुलांना माझं माहेरचं नाव लागू दे, त्यांचे ते हो, म्हणजे बाप एकच. दोन हजार वर्षं झाली! माझ्या शेजारच्या टेबलावरची ताई हो आहे (आडनाव हो, पण कशालाच हो म्हणत नाही), तिच्या भावाला एक किम आवडली होती तर आजोबांनी आठवडाभर भाषा सोडली. एकाच गावचं एकच आडनाव असेल तर कायद्यानेच बंदी होती, १९९७ ला कोर्टाने चूक ठरवली, २००५ ला कायदा बदलला, आता जवळचे नातेवाईक सोडून कोणी कोणाशी करावं. त्या भावाने केलं. आजोबा लग्नात नाचले म्हणे. म्हणून मी म्हणते देवकाचं कारण पुढे करू नका, आणि मी पण ते पुढे करून सुटणार होते, खोटं कशाला बोलू. त्याचा नंबर पाठव. मी आधी बोलेन, फक्त बोलेन, लगेच हॉलचं बघू नका.

पैसे: काल ऐंशी हजार टाकलेत. त्यातले पंचेचाळीस अण्णांच्या डोळ्याचे, त्यांना हात लावायचा नाही, पेरणीला नाही, बंटीच्या गाडीला तर अजिबात नाही. अण्णा, डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू पिकलाय तर पिकू देत बसू नका, दिवाळी झाली की करून टाका. गेल्या महिन्यात कमी पाठवले त्याला कारण घराचं डिपॉझिट वाढलं, दुसरं काही नाही, नोकरी ठीक आहे.

आणि दिवाळीला मी येत नाहीये. रजा मागितली होती, माल जायचाय म्हणून नोव्हेंबरभर कुणालाच नाही. हे फोनवर सांगता आलं नाही म्हणून एवढं लांबण लावलं, तुला कळलंच असेल एव्हाना. तिकीट पौषात बघते.

आजी, तू मागे विचारलंस, ती राणी परत माहेरी गेली का गं कधी? तेव्हा मला माहीत नव्हतं. काल साहेबांना विचारलं. होडीवरच्या पंधरा नावाड्यांना राजाने प्रत्येकी दहा पोती तांदूळ आणि तीस ताके कापड देऊन परत पाठवलं, ते गेले. ती नाही गेली. १८९ साली वारली, एकशे सत्तावन्न वर्षांची होऊन, असं पुस्तकात आहे, आणि राजा पुढची दहा वर्षं तिच्यासाठी झुरत राहिला. पण आजी, मी कामाला आलेय. मी नावाड्यांतली आहे, राणीतली नाही.

फराळ पाठवू नका, कुरिअर फुकट महाग पडतं आणि इथे सगळं मिळतं. पाठवलाच तर चकल्या वर ठेवा, मागच्या वेळी भुगा झाला होता, तो पण खाल्ला मी चमच्याने.

तुमची
बेबी